पेंढ्यात लपवलेला फोन

गुहागर तालुक्यातल्या एका आजींचं दोन पानी पत्र टपालाने आलं. पाकिटावर पत्ता आहे, पण नाव छापू नका असं त्यांनी वरच लिहिलंय. पत्रातला मुख्य भाग असा:

"मुलगा-सून मुंबईला असतात. नातू अकरा वर्षांचा, मे महिन्यात माझ्याकडे येतो. यंदा शाळेने सुट्टीत मामाच्या गावावर गोष्ट लिहून आणायला सांगितलीय. दुपारी पडवीत बसलो होतो. नमुन्याला एखादी गोष्ट बघू म्हणून मी फोनच्या माइकवर बोट ठेवून म्हटलं, 'मामा-मामीची मराठी गोष्ट'. यादी आली. पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि जे समोर आलं ते लिहायला हात धजत नाही. नातू मांडीशी बसून बघत होता. मी फोन उचलला आणि माजघरात आंब्याच्या अढीत, पेंढ्याखाली कोंबला. दोन दिवस तिथेच होता. मुलाचे फोन पेंढ्यात वाजत राहिले. शेवटी त्याने शेजारणीला फोन करून विचारलं, आई बरी आहे ना. मी 'चार्जिंग गेलं होतं' असं सांगून वेळ मारून नेली. नातू त्या दिवसापासून गप्प आहे, वहीसुद्धा काढत नाही. माझ्याकडून असं काय दाबलं गेलं? फोन बिघडला का? असलं काही उघडलं की पोलिसांना कळतं, असं शेजारचा मुलगा एकदा म्हणाला होता, ते खरं का? पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? की फोनच बंद करून टाकू? पण मुलाशी बोलायचा तोच एक रस्ता आहे."

काकी,

तुमच्याकडून काहीही चुकीचं दाबलं गेलेलं नाही. तुम्ही नातवासाठी गोष्ट शोधत होता. समोर आलं ते दुसऱ्या कुणीतरी पैशासाठी मुद्दाम पेरून ठेवलेलं होतं. लाज वाटायचीच असेल तर ती पेरणाऱ्याला वाटू दे.

फोनचं सगळं सांगते, पण आधी नातवाचं बोलू.

तो गप्प आहे याचं कारण त्याने जे पाहिलं ते आहेच, पण तेवढंच नाही. आजीचा चेहरा एकदम बदलला, फोन हिसकला गेला, पेंढ्याखाली गेला आणि त्यानंतर त्या विषयावर घरात चकार शब्द नाही. अकरा वर्षांचा मुलगा यातून काय समजणार? आपलं काहीतरी चुकलं, आपण विचारलेल्या गोष्टीमुळेच आजीला त्रास झाला, असंच. वही काढत नाही ती त्यामुळेच असावी. मामाच्या गावाची गोष्ट म्हटली की त्याला तीच दुपार आठवत असणार.

तुम्हाला मोठं भाषण द्यायचं नाहीये. त्याला समोर बसवून डोळ्यांत डोळे घालूनही बोलू नका, मुलं अवघडतात. कोयती घेऊन फणस फोडायला बसाल तेव्हा, किंवा अढीतले आंबे वरखाली करताना त्याला हाताशी घ्या आणि काम करता करता म्हणा, "परवा फोनवर जे दिसलं ना, ते तू काही केलंस म्हणून नाही आलं आणि मी केलं म्हणूनही नाही. ती मोठ्या माणसांसाठी केलेली वाईट चित्रं आहेत, आपण गोष्ट शोधताना मध्येच घुसली. मी घाबरले म्हणून फोन ओढला. तुझ्यावर रागावले नव्हते." मग थांबा. तो काही विचारेल किंवा विचारणारही नाही. विचारलं तर जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या, खरं आणि थोडक्यात. 'ती माणसं असं का करतात' म्हणाला तर 'पैसे मिळतात म्हणून' हे उत्तर त्याच्या वयाला पुरतं. शेवटी एक गोष्ट मात्र नक्की सांगा: "पुन्हा कधी असं दिसलं, माझ्या फोनवर, बाबांच्या फोनवर, मित्राच्या फोनवर, तर फोन उलटा ठेवायचा आणि मला किंवा आईला हाक मारायची. कुणी ओरडणार नाही."

'कुणी ओरडणार नाही' हे तुम्हाला पाळावं लागेल. माझ्या संगणक वर्गात येणाऱ्या मुलांकडून मी हे पुन्हा पुन्हा ऐकलंय की त्यांनी घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं की फोन जातो. म्हणजे शिक्षा सांगणाऱ्यालाच. मग पुढच्या वेळी मूल एकटंच ते पाहतं आणि एकटंच मनात घेऊन फिरतं.

आणि मुलाला सांगा. 'चार्जिंग गेलं होतं' हे मागे घ्या. आज ना उद्या नातू आईजवळ बोलेल, तेव्हा ते तुमच्याकडून आधी कळलेलं बरं. तुमच्या मुलाला राग आला तर तो क्षणभर असेल, पण आई एकटीच हे दोन दिवस सोसत बसली होती याचं त्याला जास्त वाईट वाटेल.

आता असं झालंच कसं, ते सांगते. गूगलला तुमची मामी कोण ते ठाऊक नसतं. तुम्ही म्हटलेले शब्द कुठल्या पानांवर आहेत, ती पानं किती लोक उघडतात, असा सगळा हिशोब करून ते यादी लावतं. अश्लील कथा लिहिणाऱ्यांनी आपल्या नात्यांचीच नावं उचलली आहेत. मामी, वहिनी, मावशी, शेजारीण, आणि त्यापुढे 'कथा' किंवा 'गोष्ट'. आपण ज्या शब्दांनी घर बांधतो तेच शब्द त्यांनी पाटीवर रंगवले, याची मला मनापासून चीड येते. चिपळूणला माझ्या संगणक वर्गात एक बाई वहिनीच्या पन्नाशीसाठी चार ओळींची कविता शोधत होत्या. त्यांचंही तेच झालं आणि त्या तशाच उठून घरी निघाल्या होत्या. मराठीत हे अधिक होतं असा माझा अनुभव आहे. इंग्रजी शब्दांना ही यंत्रं जितकी सरावली आहेत तितकी आपल्या भाषेला अजून सरावलेली नाहीत.

आणखी एक कारण आपल्याकडच्या रेंजचं. पान हळूहळू उघडतं. तुम्ही एका नावावर बोट टेकवायला जाता, तेवढ्यात वरची जाहिरात उतरते, सगळं पान खाली सरकतं आणि बोट भलत्याच जागी पडतं. सड्यावर एक काडी रेंज धरून बसलेल्या माणसाला याचा जेवढा त्रास, तेवढा मुंबईत नाही. म्हणून पान पूर्ण उतरून स्थिर होईपर्यंत बोट लावायचं नाही. ही सवय फुकट आहे आणि फार उपयोगाची.

फोन बिघडला का? नाही. नुसतं पान उघडल्याने सहसा काही होत नाही. त्या पानावर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' किंवा 'हे ॲप घ्या' असं काही आलं असेल आणि त्यावर तुम्ही बोट लावलं नसेल, तर निश्चिंत राहा. फक्त 'डाउनलोड' म्हणून जी जागा असते तिथे एखादी अनोळखी फाइल उतरलीय का पाहा. असेल तर न उघडता पुसून टाका. मग क्रोममध्ये, म्हणजे ज्यातून नेटवरची पानं उघडतात त्या ॲपमध्ये, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर जाऊन ब्राउझिंग डेटा, म्हणजे उघडलेल्या पानांची नोंद, पुसायचा, मागच्या चोवीस तासांचा नव्हे, मागच्या चार आठवड्यांचा, कारण ती दुपार होऊन आता बरेच दिवस झाले.

पोलिसांचं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यातली कलमं ६७ आणि ६७-ए असलं साहित्य प्रसिद्ध करणाऱ्याला आणि इतरांना पाठवणाऱ्याला लागतात. चुकून समोर आलेलं पान बंद करणाऱ्या आजीला लागत नाहीत. फक्त लहान मुलांचं असं काही दिसलं तर कायदा फार कडक आहे, ६७-बी आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा, दोन्ही. तसं दिसलं तर साठवायचं नाही, तक्रारीसाठी म्हणूनही कुणाला पुढे धाडायचं नाही, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर कळवायचं. तिथे नाव न देताही अशी तक्रार करता येते.

मला काळजी वेगळीच वाटते. शेजारच्या मुलाने घातलेली ही भीतीच चोरांचं भांडवल आहे. 'तुम्ही अश्लील पाहिलं, आम्ही सीबीआयमधून बोलतोय, दंड भरा नाहीतर अटक' असा फोन येतो आणि अब्रूला भिणारा माणूस निमूट पैसे भरतो. फोनवरूनच अटक, म्हणजे 'डिजिटल अरेस्ट', असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं होतं. असा फोन आला तर कट करायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा, जितका उशीर तितके ते हाताबाहेर जातात.

आता बंदोबस्त. पहिला गूगलचा 'सेफसर्च'. गूगल उघडा, वर उजव्या कोपऱ्यात तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर असलेलं गोल आहे, त्यावर बोट ठेवलं की यादीत 'सेफसर्च' दिसेल. आत तीन पर्याय आहेत: फिल्टर, ब्लर आणि ऑफ. २०२३ सालापासून गूगलने ब्लर आपोआप लावून ठेवलंय. त्यात अश्लील चित्रं धूसर होतात, पण मजकूर आणि दुवे तसेच यादीत राहतात. तुमच्या यादीत ती कथा उघडपणे आली, ती बहुतेक म्हणूनच. तुम्ही 'फिल्टर' निवडा. गूगलऐवजी बिंग किंवा डकडकगोवर शोधणाऱ्यांना असाच 'स्ट्रिक्ट' पर्याय मिळतो.

पण हे समजून घ्या की सेफसर्च फक्त गूगलच्या यादीपुरतं आहे. यादीतून एखादं नाव निसटलं आणि तुम्ही ते उघडलं, की पुढचं पान त्या माणसाचं, तिथे गूगलचं काही चालत नाही. म्हणून दुसरी राखण हवी, आणि मला विचाराल तर खरी कामाची हीच. तिला 'प्रायव्हेट डीएनएस' म्हणतात. तुम्ही एखादं पान मागता तेव्हा ते कुठल्या पत्त्यावर आहे हे फोन आधी एकाला विचारतो, जसं नवा माणूस वाडीत शिरताना पोस्टमनला घर विचारतो. हा पोस्टमन आपण बदलू शकतो. क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीने १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी असा एक पोस्टमन फुकट दिला. अश्लील आणि फसवणुकीच्या माहीत असलेल्या घरांचा पत्ता तो सांगतच नाही. बोट चुकून पडलं तरी पान उघडत नाही, एवढंच दिसतं.

अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या फोनमध्ये ही सोय आहे. सेटिंग्जमध्ये वर शोधायच्या जागी 'प्रायव्हेट डीएनएस' लिहिलं की सापडते, कारण प्रत्येक कंपनीने ती वेगळ्या ठिकाणी दडवलीय. तिथे 'होस्टनेम' हा पर्याय निवडून नाव भरायचं: फॅमिली, टिंब, क्लाउडफ्लेअर, आडवी छोटी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. सगळं रोमन लिपीत, मध्ये कुठेही जागा न सोडता. एखादं अक्षर चुकलं तर नेटच बंद पडेल. घाबरू नका, पुन्हा तिथेच जाऊन नाव नीट करा किंवा 'ऑटोमॅटिक' करा. एकदा भरलं की सिमच्या नेटवर आणि एखाद्याच्या वायफायवर, दोन्हीकडे चालतं. घरी वायफाय देणारा राउटर असेल तर त्यात १.१.१.३ हा आकडा भरला की घरातले सगळेच फोन त्यात येतात. तुमचा मुलगा गावी येईल तेव्हा हे त्याच्याकडून करून घ्या. मुलाचा फोन आयफोन असेल तर त्याने नातवासाठी 'स्क्रीन टाइम'मध्ये जाऊन प्रौढांची संकेतस्थळं मर्यादित करावीत.

कुणी म्हणेल, सरकारने असली संकेतस्थळं बंद केलीत ना? केली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळं बंद करायला सांगितली होती. पण बंद झालेली नाव बदलून परत येतात. त्या भरवशावर राहू नका.

या पोस्टमनचंही सगळीकडे चालत नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांच्या आत काय दिसतं ते तो अडवू शकत नाही. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'रिस्ट्रिक्टेड मोड' आहे तो चालू करा, प्रत्येक फोनवर वेगळा करावा लागतो. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा आणि ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे 'माझे संपर्क' ठेवा. वाडीतल्या ग्रुपवर कोण काय टाकेल याचा भरवसा नसतो, निदान ते आपल्या गॅलरीत तरी येऊन पडणार नाही.

एक प्रसंग सांगते, कारण हे तुमच्या बाबतीतही होऊ शकतं. मागच्या गणपतीत आमच्या शेजारी आरती चालू होती. घरचे आजोबा झांजा बाजूला ठेवून फोनवर आरतीचे शब्द बघत होते, सुपारीच्या तबकाशेजारी फोन टेकवलेला. 'घालीन लोटांगण'ला सगळे फिरले आणि फोनच्या वरच्या कडेवरून एक पट्टी खाली उतरली. तिच्यावर अर्धनग्न बाईचं चित्र, 'तुमच्या जवळच आहे' असं काहीतरी. आजोबांनी पंचा टाकला फोनवर. ते दीड दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी फोन मागून घेतला आणि पाहिलं. ज्या पानावरून ते आरती वाचत होते त्याने कधीतरी 'सूचना पाठवू का?' असं विचारलं होतं आणि आरती उघडायची असेल तर 'अलाउ' दाबावंच लागतं असं समजून त्यांनी ते दाबलं होतं. बस, त्या एका होकारावर रोज जाहिराती येत होत्या. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', तिथे परवानगी दिलेल्यांची यादी असते. त्यांच्या यादीत अशी एकोणीस नावं होती. सगळी काढली आणि विचारणंच बंद करून टाकलं. तुम्हीही तेवढं कराच. कुठलंही पान परवानगी मागो, 'ब्लॉक' दाबलं तरी आरती, रेसिपी, पंचांग सगळं वाचता येतं.

शोधताना शब्द कोणते वापरायचे, याचाही फार फरक पडतो. नात्याचं नाव आणि 'गोष्ट' असं सोबत टाकू नका. त्याऐवजी 'बालकथा', 'इयत्ता पाचवी', 'निबंध', 'बालभारती' असा एखादा शाळेतला शब्द जोडा. 'बालकथा मामाचा गाव इयत्ता पाचवी' म्हणा आणि फरक बघा. माइकवर बोललात की त्याने काय ऐकलं ते वर लिहून येतं, ते आधी वाचा. आपल्या बोलीतला शब्द तो भलताच ऐकतो. मग यादीतल्या नावाखाली संकेतस्थळाचं नाव बारीक अक्षरात असतं, तेही बघा. ओळखीचं नसेल तर सोडून द्या.

खरं तर मुलांच्या गोष्टींसाठी गूगलवर जायचीच गरज नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघतंय आणि जुने अंक नेटवर फुकट वाचायला आहेत. तुमच्या मुलाने लहानपणी वाचलेले अंकही कदाचित सापडतील. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' आहे, तिथे चित्रांसकट मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. काही माहिती हवी असेल तर मराठी विश्वकोश आहे. ही तीन पानं एकदा उघडून त्यांची चिन्हं फोनच्या पहिल्या पडद्यावर लावून ठेवा, म्हणजे नातू थेट तिथेच जाईल. त्याच्या हातात फोन देताना 'ॲप पिन' करता येतं, मग ते एकच ॲप उघडं राहतं आणि दुसरं ॲप उघडत नाही. त्याचा स्वतःचा फोन होईल तेव्हा मुलाने 'फॅमिली लिंक' या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपने खातं काढून द्यावं.

फोन बंद करू नका. पेंढ्यातून काढलात ते बरंच केलंत.

आणि त्या गोष्टीचं काय करायचं, ते माझ्या मनात आलंय म्हणून लिहिते. नमुना शोधूच नका. तुमच्या लहानपणी मामाकडे जाताना खाडी कशी ओलांडत होता, तरीत बसून की ओहोटीला चालत, आजोळी पहिला आंबा कोण फोडायचं, रात्री खळ्यात झोपताना काय ऐकू यायचं, हे त्याला सांगा. तुम्ही सांगाल तसं तो लिहील. त्याला वही काढायला लावू नका, तुम्ही सांगायला लागा, तो आपणहून काढेल.

हे उत्तर छापून यायला वेळ लागेल, म्हणून पाकिटावरच्या पत्त्यावर वेगळं टपाल आजच धाडते आहे. त्यात एका जाड कागदावर ते प्रायव्हेट डीएनएसचं नाव मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलंय, कुठे टिंब आणि कुठे रेघ ते लाल पेनाने दाखवलंय. भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचून ठेवा. वाचायला नातवालाच सांगा, एकेक अक्षर तो वाचेल, तुम्ही दाबा.